पिलारच्या टेकडीवर घरच्यांसोबत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मागच्या हिवाळ्यात आम्ही सहाजण गोव्यातल्या पिलारला जाऊन आलो. आई, आम्ही दोघं, चौदा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि ऐनवेळी गाडीत चढलेले शेजारचे काका. आम्ही वसईचे कॅथलिक, काका पुण्याकडचे, रोज अथर्वशीर्ष म्हणणारे. परत आल्यापासून दोन्ही बाजूंच्या नातेवाइकांचे फोन येताहेत आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

पिलार म्हणजे जुन्या गोव्यातलंच ना? सेंट झेवियरच्या चर्चजवळ?

नाही. आणि इथेच निम्मी माणसं चुकतात. आम्हीही चुकलो.

पोर्तुगीजांची जुनी राजधानी, म्हणजे बॉम जीझस बासिलिका आणि से कॅथेड्रल असलेलं मांडवीकाठचं जुने गोवे, पोर्तुगीजमध्ये 'व्हेल्हा गोवा'. पिलार ज्या गावाला लागून आहे ते 'गोवा वेल्हा'. शब्द तेच दोन, फक्त आगेमागे. पण गावं वेगळी, नद्याही वेगळ्या. गोवा वेल्हा जुवारीच्या बाजूला, पणजीहून मडगावला जाणाऱ्या महामार्गावर, साधारण अकरा-बारा किलोमीटरवर आहे. ते जुन्या गोव्यापेक्षाही जुनं. 11व्या शतकात कदंब राजांनी आपली राजधानी चांदरहून इथे आणली, तेव्हा या बंदराचं नाव होतं गोपकपट्टण. 14व्या शतकात दिल्लीहून दक्षिणेत उतरलेल्या फौजांनी ते लुटलं आणि नदीच्या गाळाने उरलंसुरलं बुजवलं. पुढे वस्ती मांडवीकाठी सरकली आणि 1510 मध्ये पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्कने आदिलशहाकडून घेतलं ते हे नवं शहर. म्हणजे आज आपण ज्याला जुने गोवे म्हणतो ते एकेकाळी 'नवं' होतं.

आमच्या टॅक्सीवाल्याने मोबाइलवर नाव टाकलं आणि आम्हाला थेट बासिलिकेच्या वाहनतळावर आणून सोडलं. 'गोवा वेल्हा' असं न सांगता नुसतं 'पिलार' सांगा. पिलार एकच आहे.

बसने जाता येतं का?

येतं. पणजी-मडगाव शटल मात्र पकडू नका, ती मध्ये थांबत नाही. आगशीवरून जाणारी, थांबे घेणारी साधी बस घ्या आणि कंडक्टरला पिलारला उतरवायला सांगा. तिथून टेकडीवर चालत जायचं. चढ फार नाही, पण उन्हात जाणवतो. रेल्वेने येणाऱ्यांना कोकण रेल्वेचं करमळी स्टेशन जवळ पडतं, पुढे रिक्षा किंवा टॅक्सी.

टेकडीवर नक्की आहे तरी काय? कोणी मठ म्हणतं, कोणी सेमिनरी, कोणी रिट्रीट सेंटर.

सगळंच आहे, वेगवेगळ्या उंचीवर. उतारावर जुनं चर्च आणि त्याला चिकटून मठाची इमारत. त्याच्या वर सेमिनरीची, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयाची, मोठी आधुनिक वास्तू, तिच्यात संग्रहालय आणि रंगीत काचांचं एक लहान कपेल, म्हणजे प्रार्थनाघर. शिवाय रिट्रीटसाठी, म्हणजे मौनात प्रार्थना करायला, येणाऱ्यांचं केंद्र. आपण खालून वर जात जातो तसा काळ पुढे सरकतो.

मठाची सुरुवात 1613 ची. गोव्यात 'कापुशो' म्हणून ओळखल्या गेलेल्या फ्रान्सिस्कन संन्याशांनी तो बांधला. चर्चला नाव दिलं पिलारच्या मातेचं. पिलार म्हणजे खांब. स्पेनमधल्या सारागोसा शहरात संत याकोबाला मरिया एका खांबावर उभी दिसली अशी परंपरा आहे, आणि इथली मूर्ती स्पेनहूनच आणली असं सांगतात. पुढे 1835 मध्ये पोर्तुगीज सरकारने संन्यासी संघ बंद केले तेव्हा मठ ओस पडला. काही काळ कार्मेलाइट संन्याशांनी तो सांभाळला. 1887 मध्ये काणकोणातल्या आगोंद येथे सुरू झालेला झेवियरचा मिशनरी संघ 1890 मध्ये इथे आला, थकत थकत जवळजवळ संपला आणि 1939 मध्ये पुन्हा उभा राहिला. आज लोक त्यांना 'पिलारचे फादर' म्हणतात.

माझ्यासारख्या वसईकराला इथे वेगळंच काही होतं. वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कनांच्या चर्चचे अवशेष बघत आम्ही वाढलो. कमानी आहेत, छप्पर नाही, वेदीच्या जागी रानटी झुडपं. लहानपणी तिथे आम्ही क्रिकेट खेळायचो. पिलारच्या मठाच्या चौकात उभा राहिलो तेव्हा कळलं, आमच्याकडे छप्पर असतं तर ते असं दिसलं असतं. भोवती ओवऱ्या, मध्ये उघडं आकाश, भिंतींवर विटलेली चित्रं. मी तिथे बराच वेळ उभा होतो. बायकोने दोनदा हाक मारली.

हे फादर आग्नेल कोण? वाशीच्या शाळेचे तेच का?

तेच. वाशी, वांद्रे, पुणे इथल्या फादर आग्नेल यांच्या नावाच्या शाळा-कॉलेजांतून हजारो मराठी मुलं शिकली आहेत. त्यांतल्या बहुतेकांना हे नाव एखाद्या गोऱ्या संस्थापकाचं असावं असं वाटतं. काकांचा भाचा वाशीच्या शाळेतला, त्यालाही तसंच वाटायचं.

आग्नेल डिसोझा हे हणजुण्याचे. जन्म 21 जानेवारी 1869. होय, जिथे आता पार्ट्यांसाठी गर्दी होते तेच हणजुणे. ते पिलारच्या संघात आले आणि 1898 मध्ये धर्मगुरू झाले. शाळा वगैरे त्यांनी काढल्या नाहीत. त्यांच्या मृत्यूनंतर संघाने त्यांचं नाव संस्थांना दिलं. त्यांनी स्वतः केलं ते साधं काम. खेडोपाडी फिरले, कुमठ्याकडच्या कानडी मुलखात राहिले, लोकांची पापनिवेदनं ऐकत तासन्‌तास बसले. 1918 पासून राशोलच्या सेमिनरीत तरुणांचे आध्यात्मिक मार्गदर्शक होते. तिथेच 20 नोव्हेंबर 1927 रोजी गेले. 1939 मध्ये त्यांच्या अस्थी पिलारला आणल्या. ती कबर बघायला, खरं तर तिच्याजवळ बसायला, माणसं येतात.

आई कबरीपाशी अर्धा तास बसली. शेजारी एक गोंयकार म्हातारी होती. दोघींना एकमेकींची भाषा अर्धीमुर्धीच कळत होती, तरी गुडघ्यांपासून सुनांपर्यंत सगळं बोलून झालं. निघताना ती म्हणाली, "देव बरें करूं." आई त्या दिवसापासून आभार मानायला तेच म्हणते.

ते संत आहेत का?

अजून नाहीत. 10 नोव्हेंबर 1986 रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना 'आदरणीय' घोषित केलं. ही वाटेतली पायरी आहे. ते ख्रिस्ती सद्गुण असामान्य पातळीवर जगले हे चर्चने मान्य केलं, एवढा तिचा अर्थ. पुढे त्यांच्या मध्यस्थीने घडलेला एक चमत्कार सिद्ध झाला की 'धन्यवादित', आणखी एक झाला की संत. बाणावलीचे जोसेफ वाझ हा सगळा प्रवास पूर्ण करून 14 जानेवारी 2015 रोजी संत झाले, त्यांच्या मृत्यूनंतर तीनशेहून जास्त वर्षांनी. आमच्या वसईचे गोन्सालो गार्सिया नागासाकीला 1597 मध्ये क्रुसावर मारले गेले आणि 1862 मध्ये संत झाले. रोममध्ये कोणाला घाई नसते.

म्हणून कबरीपाशी जी प्रार्थना म्हणतात ती त्यांना धन्यवादितपद मिळावं यासाठी असते. काकांनी विचारलं, "म्हणजे आपण त्यांच्यासाठी मागायचं की त्यांच्याकडे?" मी म्हटलं, दोन्ही. काकांना ते पटलं. आमच्या एका धर्मगुरू नातेवाइकाला मी हे सांगितलं तर ते हसले आणि म्हणाले, चुकीचं काही नाही.

आम्ही ख्रिस्ती नाही. चालेल का?

अगदी चालेल. कबरीपाशी तुम्हाला मंगळसूत्र घातलेल्या, कुंकू लावलेल्या बायका दिसतील. गोव्यात यात कोणाला नवल वाटत नाही. दारात कोणी नाव-गाव विचारत नाही.

चपला काढायच्या का, हा त्यातला उपप्रश्न. चर्चमध्ये चपला काढत नाहीत. काकांनी सवयीने काढल्या, दाराशी नीट लावून ठेवल्या आणि अनवाणी आत गेले. कोणी काही बोललं नाही. आईला तर ते फार आवडलं. आमची आजी चर्चला 'देऊळ'च म्हणायची. आमच्याकडे जुनी माणसं अजून तसंच म्हणतात.

आत मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, चालू असेल तर?

मागच्या बाकावर शांत बसा. लोक उभे राहिले की उभे राहा, गुडघे टेकतील तेव्हा तुम्ही नुसते बसलात तरी चालतं. एकच गोष्ट नक्की पाळा. ख्रिस्तप्रसाद घ्यायला लोक रांगेने पुढे जातात, तेव्हा आपण जागेवरच थांबायचं. तो देवळातल्या प्रसादासारखा सगळ्यांना वाटायचा नसतो. आमच्या श्रद्धेनुसार तो ख्रिस्त स्वतः आहे, आणि त्यासाठी बाप्तिस्मा व तयारी लागते. आम्हा कॅथलिकांनासुद्धा तासभर आधी पोट रिकामं ठेवावं लागतं. नुकताच वडापाव खाल्लेला माझा मुलगाही त्या दिवशी काकांच्या शेजारी बसून राहिला.

इथे आधी शंकराचं देऊळ होतं असं ऐकलंय. खरं का?

हा प्रश्न लोक आवाज खाली करून विचारतात. त्याची गरज नाही, कारण उत्तर टेकडीवरच मांडून ठेवलंय. या परिसरात गोवेश्वराचं प्राचीन देऊळ होतं असं मानलं जातं. खोदकामात आणि आसपास सापडलेल्या मूर्ती, खापरं, कदंबांच्या काळातल्या वस्तू सेमिनरीच्या संग्रहालयात ठेवल्या आहेत. त्या जपल्या, त्यांच्यावर लिहिलं, ते पिलारच्याच काही धर्मगुरूंनी.

गोव्यात 16व्या शतकात देवळं पाडली गेली. तो इतिहास मी गोड करून सांगणार नाही. वसईत तो आम्हाला दोन्ही बाजूंनी माहीत आहे. पण पिलारचं गणित एवढं सरळ नाही. हे बंदर पोर्तुगीज यायच्या दीडशेहून जास्त वर्षं आधीच उद्‌ध्वस्त झालं होतं आणि मठ त्यांच्या येण्यानंतर शंभर वर्षांनी बांधला गेला. नेमकं काय, केव्हा पडलं हे एका वाक्यात सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

काका कदंबांच्या वस्तूंपुढे रमले. कदंबांच्या राजचिन्हावरचा सिंह मुलाने मात्र वेगळ्या कारणाने ओळखला: "हा बसवरचा!" गोव्याची एसटी म्हणजे कदंब परिवहन, नाव याच घराण्याचं. हजार वर्षांपूर्वीचं राजघराणं आज पणजी-मडगाव फेऱ्या मारतंय.

संग्रहालय उघडं आहे का हे मात्र जाण्याआधी फोन करून विचारा. सेमिनरीचं वेळापत्रक पर्यटकांसाठी आखलेलं नसतं.

रिट्रीट म्हणजे नक्की काय? योगशिबिरासारखं?

थोडंसं विपश्यनेसारखं म्हटलं तर चटकन कळेल, पण एक फरक आहे. इथे मौन पाळायचं ते कोणाचं तरी ऐकण्यासाठी. काही तासांचं असतं, शनिवार-रविवारचं असतं, आठ दिवसांचं असतं. संत इग्नेशियसच्या पद्धतीचं पूर्ण रिट्रीट तीस दिवसांचं. मार्गदर्शन करणारे फादर किंवा सिस्टर बायबलमधला उतारा देतात, मग तुम्ही एकटे, तो उतारा आणि तुमचं डोकं. पहिल्या दिवशी झोप येते. दुसऱ्या दिवशी ऑफिसातली भांडणं आठवतात. त्यानंतर काय होतं ते ज्याचं त्याला ठाऊक.

मी लग्नाआधी एकदा तीन दिवसांचं केलंय, पिलारला नाही, दुसरीकडे. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पळून जाण्यासाठी बसचं वेळापत्रक बघत होतो. गेलो नाही, कारण पुढची बस संध्याकाळची होती.

मग सहलीला गेलेल्या कुटुंबाला तिथे राहता येईल का?

रिट्रीट सेंटर म्हणजे लॉज नव्हे. आधी कळवून, काय हेतूने येतो ते सांगून विचारायचं. जागा असली आणि कोणाचं मौन सुरू नसलं तर उत्तर मिळेल. पण गोव्यात स्वस्तात राहायची सोय म्हणून विचारू नका, ते समोरच्याला लगेच कळतं. आम्ही पणजीत राहिलो आणि सकाळी गेलो.

आवारात कोणी एकटंच, खाली मान घालून सावकाश चालताना दिसलं तर त्यांना रस्ता विचारू नका. ते बहुधा मौनात आहेत. आमच्या काकांनी एका बाईंना स्वच्छतागृह विचारलं. त्यांनी हसून नुसतं बोट दाखवलं. काका दिवसभर अपराध्यासारखे वावरले.

मुलं कंटाळतील ना?

कंटाळतील. आमचीही कंटाळली, आणि मी ते टाळायचा प्रयत्न सोडून दिला.

मुलगा पहिली वीस मिनिटं "आता काय?" विचारत होता. खेळणी नाहीत, आइस्क्रीमचं दुकान नाही. मग त्याने ओवरीतल्या खांबांची मोजणी सुरू केली, प्रत्येक वेळी आकडा वेगळा आला, आणि ते त्याला पुरलं. मुलगी मोबाइल घेऊन वरच्या बाजूला गेली. तिथून जुवारीचं रुंद पात्र दिसतं, हवा स्वच्छ असली तर पलीकडे मुरगाव बंदराकडची जहाजं. मला वाटलं, फोटो काढत असेल. जाऊन बघतो तर मोबाइल पर्समध्ये आणि ही नुसती बसलेली. मी बाजूला बसलो. दहाएक मिनिटांनी तिने दहावीनंतर काय करायचं आहे ते सांगितलं. घरी हा विषय तीन महिने निघत नव्हता, आणि मी काढला की दार आपटत होतं. काय म्हणाली ते इथे लिहित नाही, तिने वाचलं तर पुन्हा दार आपटेल.

पिलारला 'बघायला' जाणाऱ्याचा पाऊण तासात कार्यक्रम आटोपतो आणि तो म्हणतो, विशेष काही नाही. त्याचंही बरोबर आहे. जुन्या गोव्यातल्या चर्चेसच्या मानाने इथलं कोरीवकाम साधंच. इथे बसायचं असतं, आणि त्यासाठी किमान अर्धा दिवस काढावा लागतो. तीन ठिकाणं एका सकाळी उरकणाऱ्या टूरमध्ये पिलार घालू नका.

आजी-आजोबांना झेपेल का?

गाडी वरपर्यंत जाते. आईचे दोन्ही गुडघे गेलेले, तरी अडचण आली नाही. जुन्या भागात पायऱ्या आणि उंच उंबरे आहेत, हात धरायला कोणीतरी हवं. चाकाची खुर्ची लागत असेल तर आधी फोन करून विचारा.

केव्हा जावं?

गर्दी नको असेल तर हिवाळ्यातला कामाचा दिवस, सकाळची वेळ. फादर आग्नेल यांची पुण्यतिथी 20 नोव्हेंबरला. तिच्या आधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची प्रार्थना, चालते आणि टेकडी माणसांनी भरून जाते. ते वातावरण अनुभवायचं असेल तर जरूर जा, शांतता शोधायला मात्र त्या दिवसांत जाऊ नका.

दुसरा दिवस गोवा वेल्ह्याचा: ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या पाचव्या रविवारनंतरचा सोमवार, म्हणजे झावळ्यांच्या रविवारच्या आधीचा. त्या दिवशी सांत आंद्रे चर्चमधून संतांची मिरवणूक निघते. माणसाच्या उंचीचे पुतळे खांद्यांवर घेऊन लोक गावातून फिरतात. ही प्रथा पिलारच्या फ्रान्सिस्कनांनी सुरू केली आणि मठ बंद पडल्यावर गावाने ती उचलली. आम्हाला ती बघायला मिळाली नाही. पालखी म्हणजे काय हे आपल्याला कोणी समजावायला नको, त्यामुळे काकांनी पुढच्या वर्षीची तारीख आताच काढून ठेवली आहे.

पावसाळ्यात टेकडी सुंदर दिसते म्हणतात. जांभ्यावर शेवाळ धरतं हेही लक्षात ठेवा.

कपडे, फोटो, मेणबत्त्या?

समुद्रावरून थेट ओल्या शॉर्ट्समध्ये येऊ नका. फोटो काढा, पण मिस्सा चालू असताना नको आणि प्रार्थना करणाऱ्यांचे कधीच नको. मेणबत्ती लावायची तर ठरवलेल्या जागीच. वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चपाशी मिळतात तशा हात, पाय, घर अशा मेणाच्या आकृत्यांची बाजारपेठ इथे नाही.

जेवायचं काय?

टेकडीवर हॉटेल शोधत बसू नका. पाणी आणि मुलांसाठी खाऊ बरोबर ठेवा, जेवण खाली महामार्गावर किंवा पणजीत.

जवळ आणखी काय बघता येईल?

तळावलीचं सांताना चर्च, म्हणजे संत आनाचं. पिलारहून गाडीने अगदी जवळ. 17व्या शतकाच्या अखेरीचं, दर्शनी भाग गोव्यातल्या सर्वांत देखण्यांपैकी एक, आणि बहुतेक वेळा रिकामं. जुलैअखेरीस इथे 'तवशांचें फेस्त' भरतं. मूल हवं असलेली जोडपी संत आनाला तवसं, म्हणजे काकडी, वाहतात. एक तवसं द्यायचं आणि बाळ मागायचं, असा सरळ व्यवहार. आना ही मरियेची आई, येशूची आजी. आजीकडेच हट्ट करायचा असतो, असं आमची आई म्हणाली.

जाता जाता करमळीचं तळं लागतं. हिवाळ्यात पक्षी असतात. आम्ही गेलो तेव्हा दुपार होती आणि एक पाणकावळा सोडून कोणी घरी नव्हतं.

तिथून आणायचं काय?

पिलारहून काही नाही. खाली आगशीला चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेज, मिळतात, गोव्यात त्यांचं नाव आहे. आईने दोन माळा घेतल्या आणि काकांच्या नाकाला वास जाऊ नये म्हणून तीन पिशव्यांत गुंडाळल्या. सावंतवाडी यायच्या आत काकांनी विचारलं, "हे लोणचं कशाचं?"